विचारायचं राहिलं ते

९ जानेवारी

ताई,

मायना काय लिहावा यातच अर्धा तास गेला. 'प्रिय' लिहिलं असतं तर तू तिथेच कागद खाली ठेवला असतास. म्हणून नुसतं ताई. तेवढं तरी तू माझ्याकडून काढून घेऊ शकत नाहीस.

तुझं पाकीट मिळालं. तीन वर्षांत तुझ्याकडून आलेली पहिली वस्तू, आणि आत काय, तर आमच्या मंडळाचं पत्रक, मधोमध फाडलेलं. सोबत एक अक्षर नाही. पाकिटावरचा पत्ता मात्र तुझ्याच हातचा, म्हणजे माझं पार्लर कुठे आहे हे तू विसरलेली नाहीस. आणि फाडलंस तेसुद्धा कसं, पट्टी लावल्यासारखं! कपड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं शिवणी तपासणारी बाई रागातसुद्धा वाकडं फाडत नाही.

राग कशाचा ते कळतं मला. पत्रकात मी लिहिलंय, 'माझी बावीस वर्षांची भाची आत्महत्येने गेली. तिच्या मनात काय चाललंय ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही.' खाली माझं नाव. तिचं नाव कुठेही नाही. भिंगरी नाही, खरं नाव नाही, चष्म्याच्या दुकानात कामाला होती हेही नाही. तरी तू म्हणशील, हे लिहायचा अधिकार तुला कुणी दिला? कुणीच नाही. मुलगी तुझी होती. पण माझी कुणी नव्हती का गं ती? लहानपणी गरगर फिरायची आणि चक्कर आली की माझ्याच मांडीवर पडायची, कारण तू कारखान्यात असायचीस. हे टोचायला लिहिलेलं नाही. बरं, थोडंसं टोचायलाच लिहिलंय.

मंडळ म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. वाचनालयाच्या वर एक खोली आहे, वीसेक खुर्च्या, एक पंखा. दर गुरुवारी चार वाजता. एक निवृत्त पोस्टमन चालवतात. त्यांचा मुलगा असाच गेला, त्याला अकरा वर्षं झाली. ज्यांच्या घरचं माणूस असं गेलंय त्यांना ते बसायला, बोलायला जागा देतात. आणि ज्यांच्यापुढे लोक आपणहून मन मोकळं करतात त्यांना, म्हणजे न्हावी, टॅक्सीवाले, औषधांच्या दुकानातले, आम्ही पार्लरवाल्या, यांना ऐकायचं कसं ते शिकवतात. पोस्टमनकाकांची बायको माझी जुनी गिऱ्हाईक. एक दिवस म्हणाली, "आमच्याकडे येऊन बस एकदा." मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय?" तर म्हणते, "काही झालं नसेल तर चहा पिऊन जा." गेले. चहा अगदीच पुळकवणी होता. पण पुढच्या गुरुवारी पुन्हा गेले.

तू म्हणशील, माझ्या पोरीच्या जिवावर ही आता समाजसेविका झाली. म्हण. तोंडावर म्हणाली असतीस तर बरं वाटलं असतं.

आणि एक. तिने मला काही सांगितलं नव्हतं. तेव्हाही तुला हेच म्हटलं होतं, आजही हेच म्हणते.

तुझी, जाऊ दे, तुला माहीत आहे कोण.


१९ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. दुसरं पाकीटही नाही. फाडायला काही उरलं नसेल.

आज मला कुणाला तरी सांगायचंय आणि तुझ्याशिवाय कुणी सुचत नाही, हे आपल्या दोघींचंही दुर्दैव.

काकांनी शिकवलेलं आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते म्हणतात, शंका आली तर सरळ विचारायचं. 'उदास आहेस का, झोप लागते का' असं आडून आडून नाही. 'तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?' असं, याच शब्दांत. विचारल्याने नसलेलं खूळ डोक्यात शिरत नाही, असलेलं बोलता येतं. एक टॅक्सीवाला म्हणाला, "आणि काका, तो हो म्हणाला तर?" काका म्हणाले, "तर गाडी बाजूला घे." सगळे हसले. काका हसले नाहीत. "खरंच सांगतोय," म्हणाले. "गाडी बाजूला घे, मीटर बंद कर, आणि तो बोलेल तोवर ऐक. एकटं सोडू नको. त्याच्या माणसाला बोलाव, डॉक्टरकडे ने. आणि 'कुणाला सांगू नका' म्हणाला तर तसं वचन द्यायचं नाही."

दातांच्या दवाखान्यात काम करणारी एक बाई माझ्याकडे केस रंगवायला येते. तोंडाची टकळी अशी की मला हं म्हणायलाही फट सापडत नाही. गेल्या सोमवारी आली ती गप्प. रंग लावताना एकदम म्हणाली, "माझ्या सगळ्या कुंड्या नेशील का गं? जीव लावून वाढवल्यात, चांगल्या हाती पडायला हव्यात." मी म्हटलं, "आणि तुम्हाला?" म्हणाली, "मला आता नाही लागणार."

ताई, माझ्या हातात ब्रश, बोटांना काळा रंग. दुसऱ्या खुर्चीत एक जण भुवया करून घ्यायला बसलेली. तिला म्हटलं, आज जमणार नाही, उद्या या. ती फणफणत गेली. मी दाराला आतून कडी घातली, खुर्चीसमोर स्टूल ओढलं आणि विचारलं. त्याच शब्दांत. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

ती आरशात बघत म्हणाली, "रोज."

दोन तास बसलो आम्ही. रंग केसांवर वाळून त्याच्या खपल्या झाल्या. तिच्या परवानगीने तिच्या भावाला फोन केला, काकांना केला. दोघं आले आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. आता औषधं चालू आहेत, भाऊ तिच्याकडे राहायला आलाय. काल फोन करून म्हणाली, "कुंड्या मिळणार नाहीत हं तुला." मी म्हटलं, "गेल्या खड्ड्यात तुमच्या कुंड्या." दोघी हसलो.

आज गुरुवार. काकांनी सगळ्यांना सांगितलं आणि खोलीभर टाळ्या वाजल्या. मी जिन्याखालच्या संडासात जाऊन दार लावून घेतलं आणि तोंडावर पाणी मारत राहिले. बाहेरून काकू दार वाजवतायत, "रडतेस का गं? रड रड, आनंदाचंच आहे."

आनंदाचं नव्हतं.

भिंगरी त्या मंगळवारी माझ्याकडे आली होती, ताई. तू सगळ्यांसमोर मला विचारलं होतंस आणि मी म्हटलं होतं, महिनाभर दिसली नाही. आली होती. शुक्रवारी ती गेली, त्याच्या तीन दिवस आधी. याहून जास्त आज लिहवत नाही.


६ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. पाच शब्द. 'काय म्हणाली? सगळं लिही. खरं.' शेवटच्या शब्दाखाली रेघ इतकी जोरात की कागद फाटलाय.

लिहिते.

साडेअकराला आली. दुकानातून सुट्टी घेतलीय म्हणाली. गळ्यात ती चष्म्याची दोरी तशीच. केस आखूड करून दे म्हणाली, मानेपर्यंत. मी म्हटलं, तुझी आई मला उभी चिरेल. ती हसली नाही. मी वेणी सोडली, पाणी मारलं, विंचरायला लागले. तेव्हा म्हणाली, "मावशी, मी नसले तर आई सुटेल का गं?"

मी म्हटलं, "वेडी आहेस का?"

ती म्हणाली, "खरंच विचारतेय. मला खूप दमायला होतं. सकाळी डोळे उघडले की वाटतं, कशाला उघडले."

मी काय म्हटलं ते ऐक. म्हटलं, "या वयात सगळ्यांना असं होतं. नोकरी बदल. चार दिवस माझ्याकडे येऊन राहा, मस्त सिनेमे बघू." वर डोक्यात टपली मारली. ती म्हणाली, "आईला सांगू नकोस हं." मी म्हटलं, "माझी काय बिशाद!"

मग फोन वाजला. एका लग्नाची ऑर्डर होती, सात बायकांची. बोलता बोलता मी वही काढली, तारखा बघितल्या. पाच मिनिटं, फार तर सात. फोन ठेवून वळले तर तिने स्वतःच वेणी घातलेली. म्हणाली, "राहू दे केस. चल, येते." मी म्हटलं, "शनिवारी ये, निवांत कापू." ती 'हो' म्हणाली.

तिचे शब्द एवढेच. आता माझं ऐक. ते कुणी विचारलेलं नाही, पण खरं हवंय ना तुला?

मी तुला का नाही सांगितलं? तेव्हा आपला अबोला चालू होता. आत्याच्या घरी तू सगळ्यांदेखत म्हणाली होतीस, "हिला काय, हिची जबाबदारी लोकांच्या केसांपुरती." मी महिनाभर ते चघळत होते. आणि त्यात तुझी मुलगी माझ्याकडे आली. तुझ्याकडे नाही, माझ्याकडे. तुला जे सांगता येत नाही ते तिने मला सांगितलं. मला बरं वाटलं, ताई. ती काय म्हणाली ते मी ऐकलंच नाही, कुणाला म्हणाली तेवढंच ऐकलं. ते तीन दिवस मी खुशीत होते. फोन उचलून तुला सांगावं असं एकदा मनात आलं, बुधवारी, भांडी घासताना. म्हटलं, बसू दे हिला अंधारात.

आणि पुढचं तर याहून वाईट. ती गेल्यावर घरात जी कुजबुज सुरू झाली ती तूही ऐकलीस, मीही. आई फार कडक होती. आई टाकून बोलायची. कारखान्यातला एक चुकलेला टाका हिला दिसतो आणि पोटची पोर दिसली नाही. हे शेवटचं कुणी म्हटलं ते मी सांगत नाही, पण मी तिथे उभी होते आणि गप्प राहिले. गप्प तरी राहायचं. आठव्या दिवशी तू मला 'तुला काही बोलली होती का' विचारलंस, तर मी 'नाही' म्हटलं आणि वर ऐकवलं, "तूच तिला फार बोलायचीस." त्यावर तू मला दाराबाहेर काढलंस. सगळ्यांना वाटलं, तू दुःखाने भ्रमिष्ट झालीस. मला बिचारीला किती लागलं असेल म्हणून आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

तीन वर्षं तो दोष तू वागवलास. त्यातला माझा वाटा मी एक दिवसही उचलला नाही.

काका म्हणतात, कुणी एका वाक्यामुळे मरत नाही आणि कुणी एका वाक्यामुळे वाचतंच असंही नाही, आजार खोल असतो. मंडळात हे सगळ्यांना सांगतात. मी बाकीच्यांच्या बाबतीत मानते.

धाकटी


२८ एप्रिल

ताई,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. घेऊन येणारे ते आमचे पोस्टमनकाका. त्यांना आत घे, बसायला दे. बारा वर्षांनी परत टपाल वाटतोय म्हणाले.

आत्ता तासाभरापूर्वी भावजी पार्लरमध्ये आले होते. दोन बायका बसलेल्या, त्यात हे लिफ्ट दुरुस्तीच्या कपड्यांत दारात उभे, हातात टोपी. मी बायकांना घालवलं. ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले आणि कितीतरी वेळ आरशातल्या स्वतःकडेच बघत राहिले.

"तू ते कशाला लिहिलंस?" म्हणाले.

"तिने विचारलं म्हणून."

"विचारलं म्हणजे सांगायचंच असतं का?"

मग त्यांनी सांगितलं. तू तीन आठवडे कारखान्यात गेली नाहीस. भिंगरीचं कपाट कुणाला हात लावू देत नव्हतीस, ते रिकामं केलंस, एका दिवसात. रडत नाहीस, भांडत नाहीस. भावजींचे सगळे कपडे इस्त्री करून ठेवलेस, हिवाळ्याचेसुद्धा. आणि काल त्यांना धुण्याचं मशीन कसं लावायचं ते शिकवलंस, तीन वेळा करून घेतलंस. ते म्हणाले, "मला वाटलं, सावरतेय." आणि मग म्हणाले, "पण मला भीती वाटते गं. कशाची ते सांगता येत नाही."

मी म्हटलं, "तुम्ही तिला विचारलंत?"

"असलं कसं विचारणार? बायको आहे माझी."

मी त्यांना ओरडले, ताई. आयुष्यात पहिल्यांदा भावजींना ओरडले. ती आत्ता कुठे आहे विचारलं, तर शेजारच्या वहिनी येऊन बसल्यात म्हणाले. म्हटलं, आत्ताच्या आत्ता घरी जा, तिला क्षणभरही एकटी ठेवू नका. काकांना फोन केला. ते खाली टॅक्सीत आहेत, तो आमचा मंडळातला टॅक्सीवालाच आहे. भावजी तेव्हाच घरी गेलेत. काकांनी मला दहा मिनिटं दिलीत.

मी येत नाही. मी दारात दिसले तर तू दारच उघडणार नाहीस, आणि आज दार उघडायला हवं.

ताई, तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?

मी तुला विचारतेय. आडून नाही. काही ठरवलं आहेस का?

मला सांगू नकोस. माझा तो हक्क मी घालवलाय. काकांना सांग. त्यांना काहीही सांगितलं तरी ते दचकत नाहीत, उपदेश करत नाहीत, 'असं बोलू नये' म्हणत नाहीत. त्यांचा स्वतःचा मुलगा गेलाय. पोर गेल्यावर आई-बापाला काय वाटतं ते त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. ते म्हणतील, डॉक्टरकडे जाऊ या. जा.

मला शिक्षा करायची असेल तर जिवंत राहून कर. रोज कर. मी कुठेही पळून जात नाही.

हॉर्न वाजतोय.


२ जुलै

ताई,

तुझं पत्र काल आलं. चांगलं पानभर आहे. अक्षर जरा थरथरतंय, ते औषधांमुळे, हेही तूच लिहिलं आहेस, मी काही विचारायच्या आत. माझी कीव नको म्हणून असेल.

त्या दिवशीचं मला काकांनी एवढंच सांगितलं: "ती हो म्हणाली." पुढचं नाही. खोलीतलं बाहेर सांगायचं नाही हा नियम, आणि तुझं घर त्यांनी खोलीच धरलं. संध्याकाळपर्यंत ते तुझ्याकडे होते, मग डॉक्टर, मग तू अठरा दिवस दवाखान्यात, एवढं मला भावजींकडून कळलं. मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत चार वेळा आले होते. आत आले नाही. हे शाबासकीसाठी सांगत नाही. तुला कळलं नसेल तर कळावं म्हणून सांगतेय, तुझ्या मर्जीविरुद्ध मी आत पाऊल टाकलं नाही.

मग काका पार्लरमध्ये आले. नेहमी दारातून हाक मारतात, त्या दिवशी आत येऊन बसले. म्हणाले, "तुझी बहीण गुरुवारी येईन म्हणते."

मी हातातला कंगवा ठेवला.

"पण तू असशील तर येणार नाही, असंही म्हणते."

"मग?"

"मग तू सांग."

बाकीच्यांना कळलं तेव्हा गलका झाला. टॅक्सीवाला म्हणाला, हे बरं आहे, जिने वाचवलं तिलाच बाहेर काढायचं! दातांच्या दवाखान्यातली बाई आता दर गुरुवारी असते, तिने तर खुर्ची आपटली. दुसऱ्या वारी वेगळी बैठक घ्या म्हणाले, तिला कुणीतरी समजवा म्हणाले. मी म्हटलं, कुणी तिला एक शब्द बोलायचं नाही. मग खोली पुसायची माझ्या वाटणीची फडकी आणि मंडळाच्या कपाटाची किल्ली काकूंच्या हातात दिली आणि खाली आले. जिन्यात कुणीतरी म्हणालं, केवढं मन आहे हिचं. ताई, माझ्या मनात काय होतं ते तुला लिहिते, कारण तुला खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलंय. मला तुझा राग आला होता. चांगलाच. अडीच वर्षं तीच एक जागा होती जिथे मला माणसात बसल्यासारखं वाटायचं. तीही तू घेतलीस. घरी येऊन मी दोन कप फोडले.

दुसऱ्या दिवशी वाटलं, घेऊ दे. घ्यायला तरी आली.

तर आता तुझं पत्र. तू लिहिलंस, पुढच्या महिन्यापासून कारखान्यात जाणार, अर्धा दिवस. लिहिलंस की आत्या भेटायला आली होती, तिला तू माझं मार्चचं पत्र वाचायला दिलंस, आणि आता सगळ्या नातेवाइकांना कळलंय. बरं केलंस. आत्याने मला फोनवर जे जे ऐकवलं ते सगळं खरं होतं, फक्त आवाज जरा जास्त मोठा होता. लिहिलंस की मला माफ केलेलं नाही आणि करशील असं वाटत नाही. मी माफी मागितलीही नव्हती. मागणार होते, पण आता नाही.

आणि शेवटी लिहिलंस, 'मला विचारलंस ते बरं केलंस. तिला का नाही विचारलंस?'

काल दुपारपासून याचं उत्तर लिहितेय. तेव्हा मला विचारायचं असतं हे माहीत नव्हतं, असं लिहिलं आणि खोडलं. ते खरं आहे, पण उत्तर नाही. माहीत नसलेला माणूससुद्धा निदान फोन ठेवतो. मला वाटलं ती थट्टा करतेय, असंही लिहिलं. तेही खोडलं. थट्टा करत नव्हती, मला तेव्हाही कळलं होतं. विंचरताना माझा हात थांबला होता. एक क्षण थांबला होता, ताई. त्या क्षणी तिने आरशातून माझ्याकडे बघितलं, आणि मी बघितलं नाही. मला वाटलं, मी आता विचारलं आणि ती खरं बोलली, तर मला तुझ्याकडे यावं लागेल. तुझ्या दारात येऊन, अबोला मोडून, तुला सांगावं लागेल. मला आधी बोलायचं नव्हतं. तू आधी बोलावंस अशी माझी इच्छा होती.

एवढंच होतं. याहून मोठं कारण मी शोधून बघितलं, नाही सापडलं.

याला उत्तर पाठवू नकोस. आणि गुरुवार चुकवू नकोस. वरच्या खोलीत खिडकीपाशी बस, दाराजवळ वाऱ्याने कागद उडतात. चार वाजता मी त्या रस्त्यालाही नसते.

धाकटी